सहकारी चळवळ, माथेरान परिसरातील

सहकारी चळवळ, माथेरान परिसरातील : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत विसाव्या शतकात झालेला सहकारी प्रयत्नांचा विकास. महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास बहुधा पतपेढ्या, साखर कारखाने व नागरी बँका यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. माथेरानच्या पायथ्याशी मात्र सहकाराचा मूळ प्रश्न रोख कर्जाचा नसून पावसाळ्यात खाण्यासाठी लागणाऱ्या धान्याचा, म्हणजे खावटीचा होता. त्याला उत्तर म्हणून येथे धान्यकोठीची कल्पना पुढे आली. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल (१९१२–४३) यांनी स्वातंत्र्यपूर्व काळात ती प्रत्यक्षात आणली आणि पुढे १९८० नंतरच्या काळात ती याच परिसरात पुन्हा रुजविण्यात आली.

प्रदेश व लोक : माथेरानचा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा असून त्याची समुद्रसपाटीपासून उंची सु. ८०० मी. आहे. त्याच्या पूर्वेस उल्हास नदीचे, तर दक्षिणेस पाताळगंगेचे खोरे पसरले आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये या डोंगराकडे लक्ष वेधल्यावर तेथे मुंबईकरांचे थंड हवेचे ठिकाण वसले. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला व १८६३ मध्ये बोरघाटातून वर गेला. नेरळ–माथेरान ही दोन फूट रुंदीची डोंगरी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. माथेरानला १९०५ मध्ये नगरपालिका मिळाली. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. अशा रीतीने मुंबईचा विसावा, मुंबईची वाट आणि मुंबईची वीज या तिन्ही गोष्टी या परिसराशी जोडल्या गेल्या.

पायथ्याच्या वाड्या-पाड्यांचे जीवन मात्र पावसावर व भातावर अवलंबून राहिले. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी, धनगर इ. समाज येथे राहतात. खोऱ्यात भातखाचरे, उतारावर नाचणी व वरी पिकविणारी वरकस जमीन आणि रानात दळीचे तुकडे, अशी शेतीची विभागणी होती. माथेरानवर दरवर्षी सु. ५०० सेंमी. पाऊस पडतो, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो व उरलेल्या काळात बहुतेक जमीन कोरडी राहते. त्यामुळे पीक एकच आणि वर्षाचे पोटही त्या एकाच पिकावर, अशी स्थिती होती. पीक हाती आल्यानंतरचे काही महिने बरे जात. पुढे लाकूडफाटा, गवत व रानमेवा विकून, डोंगरावर ओझी वाहून किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर काम करून दिवस काढावे लागत. आषाढ-श्रावणात लावणी व बेणणी यांचे कष्ट सर्वांत अधिक असत आणि नेमक्या त्याच वेळी घरातील कणगी रिकामी झालेली असे.

खावटीचा व्यवहार : ही तूट सावकार किंवा जमीनदार भरून काढी. अनेकदा या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असत. आषाढात दिलेले धान्य पीक निघताच खळ्यावरच वसूल केले जाई. त्यावर सवाईने, म्हणजे मणाला पाव मण, किंवा दिढीने, म्हणजे मणाला अर्धा मण, वाढ घेण्याची रीत होती. ही वाढ वर्षाची नसून चार-पाच महिन्यांची असे. कर्ज रुपयांत मांडून धान्यात फेडून घेतले, तर बोजा आणखी वाढत असे; कारण पावसाळ्यात भाताचा भाव चढलेला व सुगीत उतरलेला असतो. उदा., आषाढात एक मण भाताचे तीन रुपये मांडले आणि सुगीत भाव दोन रुपये मण झाला, तर केवळ या फरकामुळे एका मणाऐवजी दीड मण भात द्यावे लागेल. त्यावर सवाईची वाढ धरली, तर फेड पावणेदोन मणांहूनही अधिक होईल. खळ्यावरचे देणे व खंड भागविल्यावर घरी येणारे धान्य आधीच कमी झालेले असे आणि पुढच्या आषाढात पुन्हा त्याच दारी जावे लागे. कर्ज फिटले नाही, तर फेड श्रमाने करावी लागे. कातकऱ्यांना कोळसापाडीसाठी नेणारे ठेकेदारही पावसाळ्यात उचल देऊन पुढच्या हंगामाचे श्रम आधीच बांधून घेत. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डोंगरी व आदिवासी भागांविषयी जो अहवाल दिला, त्यात ठाणे, नाशिक, खानदेश इ. भागांतील कर्जबाजारीपणा व त्यातून आलेले वेठीचे जिणे नमूद आहे. लगतच्या कुलाबा जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतील परिस्थिती याहून फारशी वेगळी नव्हती.

कायद्याने आलेला सहकार : शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न राज्यकर्त्यांसमोर प्रथम ठळकपणे आला, तो १८७५ मधील पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील दंग्यांमुळे. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या सहकार्याने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. ती ब्रिटनमधील वरिष्ठ शासनाने मान्य केली नाही. १८८३ व १८८४ च्या अधिनियमांनी तगाईची सोय झाली. पुढे मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन यांनी यूरोपातील कृषिपतसंस्थांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगाने अशा संस्थांचा पुरस्कार केला. त्यांचे फलित म्हणजे १९०४ चा सहकारी पतसंस्था अधिनियम होय. मुंबई इलाख्यातील पहिल्या संस्थांपैकी एक गदग तालुक्यातील कणगिनहाळ येथे १९०५ मध्ये नोंदविली गेली. १९१२ च्या अधिनियमाने पतपुरवठ्याखेरीज इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही मान्यता दिली. सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. वैकुंठलाल मेहता यांनी दीर्घकाळ तिची धुरा वाहिली. १९२५ मध्ये मुंबई प्रांताने सहकारी संस्थांचा स्वतंत्र अधिनियम केला.

या संस्थांची घडण जर्मनीतील फ्रीड्रिख व्हिल्हेल्म रायफायझेन (१८१८–८८) यांच्या ग्रामीण पतपेढ्यांवरून घेतली होती. परस्परांची ओळख असलेले एका गावचे सभासद, सामुदायिक जबाबदारी आणि उत्पादक कामासाठीच कर्ज, ही तिची लक्षणे होत. मात्र खुद्द रायफायझेन यांच्या कार्याचा प्रारंभ पैशापासून झाला नव्हता. १८४६–४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात वायरबुश या गावाचे प्रमुख असताना त्यांनी धान्य मिळवून, भाकरी भाजून ती गरजूंना उधारीवर देणारे मंडळ उभारले होते. पतपेढी ही त्यानंतरची पायरी होय. भारतात दुसरी पायरी कायद्याने आली; पहिली बव्हंशी वगळली गेली. बंगाल, बिहार व ओडिशा या भागांत धर्मगोला वा धान्यगोला या नावांनी सार्वजनिक कोठारे चालत. परंतु मुंबई इलाख्यातील चळवळीचा भर रोख कर्जावरच राहिला.

याचा परिणाम डोंगरी तालुक्यांत स्पष्ट दिसतो. पतसंस्थेकडून कर्ज मिळण्यासाठी जमीन किंवा पत असलेला जामीनदार लागे. कुळाची जमीन मालकाची आणि दळीची जमीन सरकारी रानातली. दोन्ही गहाण ठेवता येत नसत. कर्ज बियाणे, बैल वा बांधबंदिस्ती यांसाठी मिळे. खाण्याचे धान्य ‘अनुत्पादक’ या सदरात पडे, वास्तविक लावणी करणाऱ्याच्या पोटात अन्न नसेल, तर लावणीच होत नाही. फेड ठरल्या तारखेस रोखीने करावयाची, म्हणून भाव उतरलेला असतानाच धान्य विकणे भाग पडे. शिवाय संस्थेच्या पंचमंडळींत गावातील जमीनदारच असले, तर गरीब सभासद तेथे जाण्यास कचरत असे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि अनेक पतसंस्था थकबाकीत बुडाल्या. स्वातंत्र्यानंतर १९५१–५२ मध्ये झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा केवळ सु. ३ टक्के, तर सावकारांचा सु. ७० टक्के आढळला. कायदा होऊन जवळजवळ अर्धशतक लोटल्यानंतरची ही स्थिती होती.

भाई कोतवाल व धान्यकोठी : याच काळात कुलाबा जिल्ह्यात शेतकऱ्यांचे प्रश्न संघटितपणे पुढे येत होते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला कुळांचा संप सु. सहा वर्षे चालला. खोती पद्धती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. या जागृतीचे एक केंद्र माथेरान-कर्जत परिसरात भाई कोतवाल यांच्याभोवती निर्माण झाले.

कोतवाल यांचा जन्म माथेरान येथे १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. पुण्यास शिक्षण घेऊन ते वकील झाले. वकिलीच्या उत्पन्नात न रमता त्यांनी आसपासच्या खेड्यांत शेतकरी व आदिवासी यांच्यात कार्य केले, वाड्यांवर शाळा सुरू केल्या आणि जमीनदारांच्या जाचाविरुद्ध लोकांना संघटित केले. १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या धान्यकर्जातून गरीब शेतकऱ्यांची सुटका व्हावी, म्हणून त्यांनी धान्यकोठीचा उपक्रम हाती घेतला.

धान्यकोठीचे तत्त्व साधे आहे. सुगीच्या वेळी, म्हणजे धान्य मुबलक व स्वस्त असताना, प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे काही पायल्या सामायिक कोठारात टाकावयाच्या. पावसाळ्यात गरजू घराने तेथून धान्य उचलावयाचे आणि पुढच्या सुगीत ते अल्प वाढीसह परत करावयाचे. ही वाढ कोणा एकाच्या घरी न जाता कोठीतच राहते आणि साठा वाढवीत जाते. घेणेदेणे धान्यातच असल्यामुळे भावाच्या चढउताराचा फटका बसत नाही. जमिनीचे तारण लागत नाही; शेजाऱ्यांची परस्परांवरील नजर हीच हमी ठरते. हिशेब पायली-मणाचा असल्याने निरक्षर सभासदालाही तो समजतो. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये उघडलेल्या सहकारी दुकानातील किंवा रायफायझेनच्या मंडळातील सहकाराची तत्त्वे, म्हणजे सभासदांची मालकी, समान हक्क व नफ्याऐवजी गरज हा निकष, येथे खळ्यावरच्या मापाने व्यक्त झाली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. धान्याला ओल, कीड व उंदीर यांमुळे तूट येते. पीक बुडाले, तर सर्व सभासदांची फेड एकाच वर्षी अडते. कारण सर्वांचे पीक व पाऊस एकच असतात. आरंभीचा साठा कोठून आणावयाचा, हाही प्रश्न असतो. तरीही कोठीचे महत्त्व केवळ मणांवर मोजता येत नाही. आषाढात कोणाच्या दारी जावयाचे, हा प्रश्न सुटला की जमीनदाराविरुद्ध साक्ष देणे, खंड कमी करण्याची मागणी करणे किंवा ठेकेदाराची उचल नाकारणे शक्य होते. या दृष्टीने धान्यकोठी, शाळा व संघटना ही कोतवालांच्या एकाच कार्याची तीन अंगे होत.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले व कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी उभारलेल्या दस्त्यात आसपासच्या गावांतील शेतकरी व तरुण होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात या दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. गोमाजी पाटील व त्यांचे पुत्र हिराजी हे त्यांचे निकटचे सहकारी होते. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याच्या तळावर छापा घातला. त्यात हिराजी पाटील व भाई कोतवाल यांना हौतात्म्य आले. कोतवालांचे वय त्या वेळी तीस वर्षांचे होते. हुतात्मा म्हणून त्यांचे स्मरण सर्वत्र केले जाते. शाळा व धान्यकोठी यांचे संघटक म्हणून त्यांचे कार्य त्या मानाने कमी परिचित आहे. रानावनात महिनोन् महिने भूमिगतांना आसरा देणारी गावे आधीच्या या कार्यातून जोडली गेली होती, हे या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार केल्याशिवाय कळत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने व १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’च्या तरतुदीने अनेक कुळे जमिनीची मालक झाली. त्यामुळे सहकारी संस्थेचे सभासदत्व व पीककर्ज यांचा मार्ग खुला झाला. गावोगावी विविध कार्यकारी सहकारी संस्था स्थापन होऊन बियाणे, खते व कर्ज यांचा पुरवठा त्यांच्याद्वारे होऊ लागला. कर्जत येथे १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. त्याने विकसित केलेली वाणे कोकणात सर्वत्र पसरली. भिवपुरी वीजकेंद्रातून बाहेर पडणारे पाणी राजनाला कालव्याद्वारे शेतीला मिळाल्याने कर्जत तालुक्यातील काही गावांत दुसरे पीक घेता येऊ लागले. या पट्ट्यात नव्या सहकाराचा लाभ अधिक झाला. कालव्याच्या वरच्या अंगास असलेल्या ठाकूरवाड्या व कातकरीवाड्या त्यापासून दूर राहिल्या.

रानातील ठेकेदारी मोडण्यासाठी बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना मुंबई राज्यात सुरू झाली. जंगलतोडीचे कूप ठेकेदारांऐवजी आदिवासी मजुरांच्या संस्थांना द्यावयाचे आणि मजुरीबरोबर नफ्याचा वाटाही त्यांना मिळावयाचा, असे तिचे स्वरूप होते. या संस्थांमुळे मजुरीचे दर सुधारले. परंतु व्यवस्थापन बहुधा आदिवासींबाहेरच्या पुरस्कर्त्या संस्थांच्या व कार्यकर्त्यांच्या हाती राहिले. १९८० च्या वन संवर्धन अधिनियमानंतर तोडीवर निर्बंध आल्यावर त्यांचे कार्यक्षेत्रही आक्रसले.

१९७२ मध्ये राज्य शासनाने महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाची स्थापना केली. आदिवासींचा माल वाजवी भावाने घेण्यासाठी एकाधिकार खरेदी आणि पावसाळ्यासाठी खावटी कर्ज (१९७८ पासून), ही त्याची प्रमुख कामे ठरली. खावटी हा शब्द सावकाराच्या वहीतून शासकीय योजनेत आला, ही लक्षणीय घटना होय. आषाढातील धान्य ही उत्पादक गरज आहे, याची ती कबुली होती. मात्र कर्ज वरून वाटले जाई व त्याची मर्यादाही वरूनच ठरे. वसुली कमी राहिल्याने ही योजना पुढे खंडित झाली. २०२०–२१ या वर्षी, करोना साथीच्या काळात, खावटी शंभर टक्के अनुदान म्हणून देण्यात आली. प्रत्येक पात्र कुटुंबाला चार हजार रुपयांची मदत निम्मी रोख व निम्मी वस्तुरूपात मिळाली.

धान्यपेढ्यांचे पुनरुज्जीवन : कर्जत तालुक्यातील कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या स्वयंसेवी संस्थेने १९८० नंतरच्या काळात ठाकूर व कातकरी वस्त्यांत धान्यपेढ्या उभारल्या. आरंभीचा साठा बाहेरून मिळवून देणे, घेणेदेणे धान्यातच ठेवणे व व्यवस्था वस्तीच्या हाती सोपविणे, ही त्यांची पद्धती होती. केंद्र शासनाने १९९६–९७ मध्ये ग्रामीण धान्यपेढी योजना सुरू केली. तीत प्रत्येक कुटुंबामागे एक क्विंटल धान्याचा साठा गृहीत धरला होता. कोतवालांच्या काळी तालुक्यातील एका कार्यकर्त्याला सुचलेला उपाय पन्नास-पंचावन्न वर्षांनी देशाच्या अन्नधोरणाचा भाग झाला.

त्यानंतर परिस्थिती पुन्हा पालटली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने अल्प दरात धान्य मिळणे हा पात्र कुटुंबांचा हक्क झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळू लागले. दरम्यान मुंबई व नवी मुंबई यांच्या विस्तारामुळे कर्जत-खालापूरमधील शेतजमिनींवर विश्रामगृहे, वसाहती व कारखाने उभे राहिले आणि भाताखालील क्षेत्र घटत गेले. पोटापुरते धान्य आता खळ्यावरून येण्याऐवजी दुकानातून येते. उपासमारीची धार त्यामुळे कमी झाली. परंतु वीटभट्टीच्या व कोळशाच्या ठेकेदाराकडून पावसाळ्यात घेतलेली उचल आणि तिच्या फेडीसाठी कुटुंबासह करावे लागणारे स्थलांतर कातकऱ्यांच्या वाट्यातून पूर्णपणे गेलेले नाही. आजार, लग्न व घरदुरुस्ती यांसाठी लागणारा पैसा शिधापत्रिकेवर मिळत नाही.

मूल्यमापन : माथेरान परिसरात मोठे सहकारी कारखाने उभे राहिले नाहीत, म्हणून येथील सहकाराचा इतिहास गौण ठरत नाही. पश्चिम महाराष्ट्रात १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर उद्योगाचा पाया घातला गेला. त्यामागे बागायती ऊस व जमिनीची मालकी यांचे बळ होते. ज्यांच्यापाशी विकण्यासारखे पीक व गहाण ठेवण्यासारखी जमीन नव्हती, त्यांच्यासाठी सहकाराचे रूप कोणते असावे, हा प्रश्न मात्र येथे विचारला गेला. पतसंस्थेने त्यांच्याकडे तारण मागितले, शासकीय खावटीने अर्ज मागितला आणि धान्यकोठीने सुगीतल्या चार पायल्या मागितल्या. पहिल्या दोहोंत तो ऋणको किंवा लाभार्थी राहिला. तिसरीत तो कोठाराचा एक मालक झाला. स्वस्त वा मोफत धान्याने भुकेचा प्रश्न बऱ्याच अंशी हलका केला असला, तरी ही मालकी देण्याचे काम त्याने होत नाही. ठेकेदाराच्या उचलीला पर्याय ठरेल असा, सभासदांच्याच हाती राहणारा सामायिक साठा उभा करणे, हे या परिसरातील सहकाराचे जुने काम अजून अपुरे आहे.